मागच्या गाडीचा दिवा

सहदेवकाकांच्या मोटारसायकलला मालवणात सगळे 'होडी' म्हणायचे, आणि त्यात चेष्टा कमी, वर्णनच जास्त होतं. मूळची ती जुनी बुलेट. सैन्याच्या लिलावातून कोणीतरी उचललेली आणि हात बदलत बदलत काकांपर्यंत पोचलेली. काकांनी तिच्यात मूळचं फारसं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. हँडल ट्रॉलरच्या पाइपाचं वाकवून घेतलेलं. पुढचा दिवा भंगारात निघालेल्या कुठल्याशा बोटीचा, पितळी. उजव्या बाजूला मासळीची पेटी बसावी म्हणून फणसाच्या लाकडाची चौकट. टाकीला रंगही ट्रॉलरचाच, निळा आणि त्यावर पिवळा पट्टा. तीस वर्षं काका ट्रॉलरवर इंजिन सांभाळायला होते. दर्या सुटला तरी दर्याचं सामान काही सुटलं नाही.

मी सत्यवान. एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. गाड्यांच्या वायरिंगचं, बॅटऱ्यांचं आणि दिव्यांचं काम मी करतो. माझ्या तोंडाला कुलूप नाही अशी घरच्यांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. काकांच्या गाडीला मी एकदा विजेवरचा हॉर्न सुचवला होता, तर म्हणाले, "गाडी आसा, लग्नाचो मांडव नाय." त्यांचा रबरी भोंगा चालू राहिला. नवीन वस्तूंबद्दल त्यांचं मत असं ठाम होतं.

म्हणून दोन हजार सहाच्या चतुर्थीनंतर ते पुठ्ठ्याचा खोका घेऊन आले आणि त्यातून डिजिटल मीटर निघालं तेव्हा मी अक्षरशः उडालो. काळी काच, आत निळे आकडे. वेग, पेट्रोल, आणि इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय तो आकडा. हल्लीची पोरं नव्या गाड्यांना असलं काहीबाही लावतात आणि मग तारा जळल्या की माझ्याकडे रडत येतात.

"यतीनान पाठवल्यान," काका म्हणाले. यतीन त्यांचा मुलगा, मुंबईला कंपनीत आहे.

"काका, होडयेक ह्या? नऊवारी साडयेर गॉगल घातल्यासारख्या दिसतला."

"दिसांदे. तू बसय."

"स्पीडाची तार आधी..."

"स्पीड रवांदे रे. माका इंजिनाचो आकडो होयो. तो पयलो जोड."

मला हसूच आलं. हा माणूस धक्क्यावर उभा राहून आत येणाऱ्या ट्रॉलरचा नुसता आवाज ऐकायचा आणि कुठल्या सिलिंडरचं नोझल खराब झालंय ते सांगायचा. बोट लागायच्या आधी निदान तयार. त्याला आता इंजिन कसं चालतंय ते निळ्या आकड्यांनी सांगायचं? म्हातारपणी हौस फिरते म्हणतात तसंच काहीतरी, असं मी धरून चाललो.

खरं तर त्या दिवसांत मी काकांवर थोडा खट्टूच होतो. एकटा मी नाही, अर्धं गाव होतं. मुलगा मुंबईला चिकटल्यापासून म्हाताऱ्याच्या डोक्यात हवा गेली, असं बाजारात उघड बोललं जायचं. एस.टी.चा ड्रायव्हर गणपत मागून हॉर्न वाजवून वाजवून थकायचा, पण काका साइड देतील तर शपथ. कोणी हाक मारली तर मान वळवत नसत. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळवत बाजारपेठ ओलांडायचे आणि लोक कानांवर हात ठेवायचे. आदल्याच आठवड्यात मी दुकानातून "ओ काका!" म्हणून चांगली खणखणीत हाक घातली होती आणि ते माझ्याकडे न बघता निघून गेले होते. मला ते लागलं होतं. पण धंदा तो धंदा, गाडी ठेवून घेतली.

काम किचकट निघालं. होडी सहा व्होल्टची आणि मीटर बारा व्होल्टचं. बॅटरी बदलली, कॉइल बदलली, दिवे बदलले. पितळी दिव्याला भोक पाडायला काकांनी साफ नकार दिला, म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी कापून हँडलवर बसवली आणि तिच्यावर मीटर टेकवलं. हे सगळं करून गाडी चालू केली तर आकडे पिसाळले. इंजिन आपलं निवांत ढब-ढब करतंय आणि मीटर सांगतंय पाच हजार, लगेच दोनशे, लगेच सात हजार. जुन्या गाडीच्या ठिणगीचा त्रास होता तो. प्लगची टोपी बदलली, मीटरची तार कॉइलपासून लांबून फिरवून आणली, तेव्हा कुठे आकडा नऊशेवर शांत बसला. मनातल्या मनात मी डिजिटलच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घेतला.

काका रोज येऊन बाकावर बसायचे. बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि मोठ्याने बोलायचे. बोटीवरची माणसं मोठ्यानेच बोलतात, त्यात मला नवल वाटलं नाही.

आकडा शांत बसला त्या सकाळी गाडी मधल्या स्टँडवर चालू ठेवून मी मागच्या दिव्याची तार बघत होतो. काका चार हात लांब बाकावर बसून मीटरकडे बघत होते. मी पेट्रोलचा कॉक आधी बंद केला होता आणि विसरलो होतो. त्यामुळे थोड्या वेळाने इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. मीटर स्वस्तातलं, शेवटचा आकडा तसाच धरून बसलं. नऊशे.

मी कॉक उघडायला उठलो, तेवढ्यात काका खुशीत म्हणाले, "बघ, सत्या. कसा मस्त चलता. आकडो हलणा नाय."

चेष्टा करतायत असं वाटून मी हसलो. मग त्यांच्याकडे नीट बघितलं. ते ठेक्यात मान हलवत होते, ढब-ढब, ढब-ढब, न वाजणाऱ्या इंजिनाबरोबर.

मी त्यांच्या पाठीमागे गेलो आणि म्हणालो, "काका, गाडी बंद पडली." काही नाही. जरा मोठ्याने म्हणालो. काही नाही. शेवटी हातातला पाना फरशीवर सोडला. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून वर बघितलं, काकांनी बघितलं नाही.

मी समोर येऊन उभा राहिलो. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी उठून टाकीवर तळहात ठेवला, थरथर नाही हे बघितलं आणि परत बाकावर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्सां झाली. पयली पाखरां गेली. मगे फोन गेलो. आता माणसां गेली." त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. "इंजिनाच्या खणात तीस वर्सां बसलंय. कानांनी किती सोसूचा? हाताक थरथर कळता, पण किती ती कळणा नाय. गिअर कधी बदलूचो ता आता ह्यो आकडो सांगतलो. म्हणान होयो."

गावाने ज्याला माज म्हटलं तो बहिरेपणा होता, आणि त्या गावात मीही होतो. वाईट वाटलं, पण त्याआधी भीती वाटली, आणि मला भीती वाटली की मी चिडतो.

"काकीक म्हायती आसा?" मी त्यांना दिसेल असं तोंड करून विचारलं.

"नाय. आणि तू सांगूचा नाय." ते एकदम ताठ झाले. काकी म्हणजे त्यांची बायको चंद्रावती. रोज सकाळी लिलावातली मासळी घेऊन ती काकांच्या मागे बसते आणि चौके, नेरूरपार अशी गावं करत विकते. "तिका कळला तर ती गाडयेर बसाची नाय. गाडी चलवक दिवची नाय. मगे ती टोपली घेवन एस.टी.चे पाय धरतली, आणि मी घरात रवान भिंती बघू?"

"आणि एस.टी. मागसून इली तर? मरतलास, दोघांय मरतलास!"

"आरसो आसा."

"आरशात मासळीची पेटी दिसता! काकीक सांगा, नायतर मी ह्या मीटर जोडूचंय नाय."

काकांनी स्टँड काढला आणि किक न मारता गाडी ढकलत गल्लीतून बाहेर नेली. मीटरच्या सुट्या तारा हँडलवरून लोंबत होत्या. मी थांबवलं नाही. बरोबर तेच बोललो होतो, तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी काकी दुकानात आली. चंद्रावतीकाकी येते तेव्हा आधी तिचा आवाज येतो. मासळीबाजारात तिच्याशी भाव करणाऱ्याला घरी जाऊन पाणी प्यावं लागतं.

"सत्या, मेल्या, त्येंचा मीटर अर्धवट कित्या ठेवलंस? दोन दिस गाडी खळ्यात उभी आसा. ते धड जेवणत नाय. मासळी घेवन मी रिक्षान फिरतंय."

"काकी, वायच काम रवला हा..."

"काम रवला काय?" तिने टोपली खाली ठेवली आणि आवाजही खाली आणला. "त्येंका ऐकाक येणा नाय ता तुका कळला. ताच ना?"

मी मान डोलावली.

"चाळीस वर्सांचो संसार माझो. तुका दोन दिसांत कळला, माका कळाचा नाय? दोन वर्सां मी पाठसून राखण करतंय. मागसून गाडी इली काय त्येंच्या कुशीत बोट टोचतंय. ते बाजूक घेतत. त्येंका वाटता, म्हातारपणात माका गाडयेची भिती वाटाक लागली." ती हसली. "पण एक हात मांडयेरच्या टोपलेर आणि एक हात मागच्या दांडयेर. खड्ड्यात बोट लागला काय गाडयेसाठी टोचला, त्येंका समाजणा नाय. आणि गिअराचा माका काय कळता? गाडी रडता तितक्या कळता. म्हणान मीच यतीनाक फोन करून ह्यो डबो मागवलंय."

"मगे काकांका सरळ सांग ना, तुका म्हायती आसा म्हणान."

काकी बाकावर बसली.

"सांगलंय तर ते गाडी चलवचे नाय," ती म्हणाली. "माझ्या जिवाक काय झाला तर, असा म्हणान चावी खुंटयेक लावतले. आणि दुसरा सांगू? लगीन झाला तेव्हा हे दर्यार. आठ-आठ दिस बोटीर, घराक इले काय झोपतले. आणि घरात माणसां ही भरलेली. ही गाडी घेतल्यार माका माझो घोव गावलो बघ. गाडयेर बसलंय काय मी बोलतंय. सून काय म्हणाली, बाजारात कोणाचा काय झाला, सगळा. आता ते ऐकनत नाय ता माका ठावक आसा. पण मदीच 'हूं' म्हणतत. अंदाजान म्हणतत, चुकीच्या जागेर म्हणतत. पण म्हणतत." तिने पदराने नाक पुसलं. "माका म्हायती आसा ता कळला काय ता 'हूं' थांबतला रे. मगे मी कोणाशी बोलू?"

मी उगाच खोक्यात स्क्रू शोधत राहिलो.

शोधता शोधता सुचलं. मीटरच्या कोपऱ्यात एक नारिंगी दिवा होता, वळताना लुकलुकणारा. होडीला तसले दिवे नव्हतेच, त्यामुळे तो रिकामा होता. काकी ज्या दांडीला धरते तिच्याखाली, अंगठ्याशी एक बटण बसवलं आणि तिथून तार पुढे नेली की काकी दाबेल तेव्हा काकांच्या डोळ्यांसमोर दिवा लागणार. टोचाटोची बंद. खड्डा वेगळा, गाडी वेगळी.

"पण त्येंका काय सांगतलंस?" काकीने विचारलं.

"सांगतंय डिजिटल आसा म्हणान."

मी स्वतः जाऊन गाडी घेऊन आलो. काकांना म्हटलं, माझं चुकलं, कोणाला काही सांगत नाही. मीटर पुरं जोडलं, इंजिन बंद पडल्यावर आकडा शून्यावर येईल असं केलं, आरशाची दांडी पेटीच्या बाहेर दिसेल इतकी लांब केली. किती आकड्याला गिअर टाकायचा तिथे काचेवर लाल रंगाची रेघ मारून दिली. मग त्यांच्यासमोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "ह्यो नारिंगी दिवो. मागसून गाडी इली काय आपोआप पेटतलो."

"आपोआप?"

"सेन्सर आसा."

काकांनी मीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गाडीच्या मागे एक फेरी मारली. काकी धरते त्या दांडीजवळ क्षणभर थांबले. मग परत येऊन म्हणाले, "सायन्स खंय पोचला बघ." आयुष्यात इतकं शुद्ध खोटं मी इतक्या सरळ तोंडाने बोललो नव्हतो.

आणि जमलं. गाडी बाजारातून किंचाळत जायची थांबली. लाल रेघ आली की गिअर पडायचा. आठ-दहा दिवसांत गणपत ड्रायव्हर बॅटरीचं पाणी बघायला म्हणून दुकानात टेकला आणि म्हणाला, "सहदेव सुधारलो रे. मी हॉर्नार हात ठेवच्या आधी म्हातारो बाजूक होता." मी म्हटलं, माणूस कधी ना कधी सुधारतोच. गावाने माज उतरल्याचा निकाल दिला आणि दुसऱ्या कोणाला तरी धरलं.

दिवाळीनंतर काका एकटेच आले. गाडी लावली, बाकावर बसले, मीटरकडे बोट केलं.

"सत्या, तुझो सेन्सर बिघडलो."

मी हातातलं काम सोडलं. "पेटणा नाय?"

"पेटता. मागे गाडी नसताना पेटता." त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. "चौक्याच्या पुढे रस्त्यार कुत्रा नाय. मी आरशात बघतंय, मान वळवन बघतंय, कोण नाय. आणि ह्यो पेटता. विझता. परत पेटता. नेरूरपारच्या पुलार तर थांबणाच नाय. काल तिच्या म्हायेराकडच्या वाटेन गेलों, तर मेलो सगळी वाट लुकलुकत होतो."

मला पुढचं चित्र दिसलं. काकी सवयीने बोलत असणार, आणि बोलता बोलता अंगठा दाबत असणार. आता ह्यांना बटण सापडलं की सगळंच उघडं पडणार.

"खंयतरी तार सैल झाली असतली," मी घाईने म्हणालो आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीच्या मागे वळलो. "आत्ता बघतंय."

काकांनी माझं मनगट धरलं. तीस वर्षं इंजिनाचा दांडा फिरवलेला हात होता तो.

"हात लावू नको," ते म्हणाले. "तो असोच रवांदे."

मी थांबलो. ते उठले, हँडलच्या डाव्या मुठीजवळ अंगठा नेऊन दाखवला. "हय एक बटण बसय. आणि दिवो मागे, तिका दिसात असो. बारकोसोच, पण उजेडात दिसूक होयो."

"कित्याक, काका?"

त्यांनी मीटरच्या काचेवरून अंगठा फिरवला. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात न बोलता, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "मी 'हूं' म्हणतंय रे. पण वाऱ्यात तिका ऐकाक येता काय नाय, ता माका कसा कळतला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. लपवून उपयोग नव्हता, ते तोंडाकडेच बघत होते. मी तारेचं भेंडोळं काढलं आणि खाली बसलो.

"आणि सत्या," काका वरून म्हणाले, "तिणा विचारल्यान तर सांग, सेन्सर आसा."